सफरचंदातील स्कॅब प्रतिकारक वाण : एका जनुकाची ताकद आणि मर्यादा

सफरचंदाची रोपे विकताना ‘स्कॅब प्रतिकारक’ हे शब्द हमखास वापरले जातात. असे झाड लावले, की फवारणीची कटकट संपली असा बागायतदाराचा समज होतो. प्रत्यक्षात झाडाची प्रतिकारशक्ती एका जनुकावर उभी आहे की अनेक जनुकांवर, यावर ती किती वर्षे टिकेल हे ठरते. सफरचंदाची बाग २०-२५ वर्षे किंवा त्याहून अधिक काळ उभी राहते. वाण निवडताना झालेली चूक पुढच्या हंगामात बियाणे बदलून दुरुस्त करता येत नाही. त्यामुळे या प्रतिकारशक्तीमागील आनुवंशिकता बागायतदार आणि कृषी विस्तार कार्यकर्ते, दोघांनीही समजून घेणे आवश्यक आहे.

स्कॅब रोग आणि बुरशीचे जीवनचक्र

स्कॅब म्हणजे खपली रोग. तो ‘व्हेंचुरिया इनइक्वालिस’ या बुरशीमुळे होतो. सुरुवातीला पानांवर ऑलिव्ह रंगाचे मखमली ठिपके दिसतात, पुढे ते काळपट होतात. फळांवर खरबरीत खपल्या येतात, फळ तडकते, वेडेवाकडे वाढते. अशा फळाला बाजारात भाव मिळत नाही. प्रादुर्भाव जास्त असल्यास पाने अकाली गळतात आणि पुढील वर्षीच्या फुलकळ्यांवरही परिणाम होतो.

- हिवाळा : बुरशी जमिनीवर पडलेल्या रोगट पानांत राहते. याच काळात तिचे लैंगिक प्रजनन होते. दोन वेगवेगळ्या बुरशींच्या जनुकांची सरमिसळ होऊन नवे बीजाणू तयार होतात.
- वसंत : कळ्या फुटण्याच्या सुमारास पाऊस पडला, की हे बीजाणू हवेत फेकले जातात आणि कोवळ्या पानांवर पहिला संसर्ग होतो. तापमान सुमारे १६ ते २४ अंश सेल्सिअस असताना पान साधारण ९ तास ओले राहिले तरी संसर्गाला पुरेसे ठरते.
- उन्हाळा : पहिल्या ठिपक्यांवर तयार झालेले बीजाणू पावसाच्या थेंबांबरोबर पसरतात. एकाच हंगामात बुरशीच्या अनेक पिढ्या होतात.

म्हणजे बुरशी दरवर्षी जनुकांची नवी जुळणी करते. बागेतील कलमे मात्र आनुवंशिकदृष्ट्या एकसारखी आणि वर्षानुवर्षे तीच राहतात. एका झाडावर मात करणारा बुरशीचा प्रकार तयार झाला, तर त्या वाणाची सगळी बाग त्याला मोकळी होते.

प्रतिकार जनुक काम कसे करते?

प्रतिकार जनुकापासून झाडात एक प्रथिन तयार होते. हे प्रथिन पहारेकऱ्यासारखे काम करते. बुरशी पानात शिरताना स्वतःची काही प्रथिने सोडते. त्यांपैकी एखाद्याची खूण पहारेकऱ्याने ओळखली, की झाड त्या जागच्या पेशींत बचावाची प्रक्रिया सुरू करते आणि बुरशीची वाढ तिथेच थांबते. पानावर काहीच दिसत नाही किंवा टाचणीच्या टोकाएवढे खड्डे, फिकट डाग दिसतात.

पहारेकरी ओळखतो ती एक ठरावीक खूण. बुरशीत बदल होऊन ती खूण नाहीशी झाली, की त्याला शत्रू दिसत नाही. झाडातील एका जनुकाला बुरशीतील एक जनुक जोडीदार असते, हे तत्त्व अमेरिकी शास्त्रज्ञ एच. एच. फ्लोर यांनी जवस आणि त्यावरील तांबेरा रोगाच्या अभ्यासातून मांडले. सफरचंद आणि स्कॅब यांनाही ते लागू पडते. ठरावीक प्रतिकार जनुकावर मात करू शकणाऱ्या बुरशीच्या प्रकाराला ‘रेस’ म्हणतात.

रानटी सफरचंदापासून ‘प्रायमा’ वाणापर्यंत

स्कॅब प्रतिकारक वाणांचा सर्वांत मोठा स्रोत म्हणजे ‘मॅलस फ्लोरिबुंडा ८२१’ हे शोभेचे रानटी सफरचंद. त्याची फळे बोराहून लहान, जेमतेम एक सेंटिमीटरची असतात आणि खाण्यायोग्य नसतात. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात सी. एस. क्रँडल यांनी १९१४ मध्ये त्याचा संकर ‘रोम ब्यूटी’ या वाणाशी केला. त्यावेळी उद्देश स्कॅब प्रतिकाराचा नव्हता. पुढे एल. एफ. हफ यांच्या लक्षात आले, की या संकरातील काही झाडांवर स्कॅब येत नाही. १९४४ मध्ये त्यांनी ही माहिती प्रसिद्ध केली. त्यानंतर पर्ड्यू, रटगर्स आणि इलिनॉय या तीन विद्यापीठांनी एकत्र पैदास कार्यक्रम सुरू केला. त्यांचा पहिला वाण ‘प्रायमा’ १९७० मध्ये प्रसारित झाला. पहिल्या संकरापासून बाजारातील वाणापर्यंत ५६ वर्षे लागली.

इतका वेळ लागण्याची कारणे अशी :

- रानटी झाडाकडून प्रतिकाराबरोबर लहान फळ, आंबट-तुरट चव हे गुणही येतात. ते घालवण्यासाठी दर पिढीत चांगल्या फळाच्या वाणाशी पुन्हा संकर करावा लागतो.
- सफरचंद स्वतःच्या परागाने सहसा फळ धरत नाही. एकाच वाणाशी वारंवार संकर केल्यास रोपे कमजोर निघतात. म्हणून प्रत्येक पिढीत वेगळा चांगला वाण वापरतात.
- बियांपासून वाढवलेल्या रोपाला पहिले फळ लागायला अनेक वर्षे जातात. फळ पाहिल्याशिवाय त्याची प्रत कळत नाही.

या रानटी झाडातून आलेल्या मुख्य जनुकाला पूर्वी ‘व्हीएफ’ म्हणत. आता त्याचे नाव ‘आरव्हीआय-६’ आहे. सफरचंदात गुणसूत्रांच्या १७ जोड्या असतात. त्यांपैकी पहिल्या गुणसूत्रावर हे जनुक आहे. २००४ मध्ये युरोपातील शास्त्रज्ञांनी या भागातील एक जनुक ‘गाला’ या स्कॅबला बळी पडणाऱ्या वाणात घातले आणि तो प्रतिकारक झाल्याचे दाखवले. प्रतिकारशक्ती नेमकी कोणत्या जनुकात आहे, याचा तो थेट पुरावा होता.

आरव्हीआय-६ हे प्रभावी जनुक आहे. जोडीतील एक प्रत असली तरी झाड प्रतिकारक होते. प्रायमामध्ये अशी एकच प्रत आहे. त्याचा संकर स्कॅबला बळी पडणाऱ्या वाणाशी केला, तर सुमारे निम्मी रोपे प्रतिकारक आणि निम्मी रोगाला बळी पडणारी निघतात. हा हिशेब सोपा असल्याने पैदासकारांनी याच जनुकाचा सर्वाधिक वापर केला. प्रायमा, प्रिसिला, लिबर्टी, फ्लोरिना, एंटरप्राइज, गोल्डरश, टोपाझ या वाणांची नावे व देश वेगवेगळे असले, तरी त्यांची स्कॅब प्रतिकारशक्ती मुख्यतः याच एका जनुकावर उभी आहे.

बुरशीने मात केली कशी?

अनेक वर्षे आरव्हीआय-६ भक्कम राहिले. पुढे जर्मनीतील आहरेन्सबर्ग येथे हे जनुक असलेल्या झाडांवर स्कॅबचे ठिपके दिसू लागले. १९९३ मध्ये त्या बुरशीची ‘रेस ६’ म्हणून नोंद प्रसिद्ध झाली. नंतर युरोपातील अनेक भागांत असे प्रकार आढळले.

यात पैदासकारांसाठी महत्त्वाचा धडा आहे. रेस ६ प्रायमावर रोग करत होती. पण मूळ रानटी झाड मॅलस फ्लोरिबुंडा ८२१ मात्र तिला दाद देत नव्हते. तपासात दिसले, की रानटी झाडात आणखी एक प्रतिकार जनुक आहे, आरव्हीआय-७. प्रायमापर्यंतच्या पिढ्यांमध्ये ते गळून गेले होते. निवड करताना ‘पानावर ठिपका नाही’ एवढेच पाहिले जात होते. त्यासाठी आरव्हीआय-६ एकटेच पुरेसे होते. त्यामुळे दुसरे जनुक हरवले, तरी कोणाच्या लक्षात येण्याचे कारण नव्हते.

पुढे इंग्लंडमध्ये मूळ रानटी झाडावरही मात करणारी ‘रेस ७’ सापडली. पण ही रेस ‘गोल्डन डेलिशस’ या नेहमीच्या वाणावर रोग करू शकत नव्हती. कारण त्यात आरव्हीआय-१ हे वेगळे जनुक आहे. एरवी गोल्डन डेलिशसवर स्कॅब सहज येतो आणि आरव्हीआय-१ ला कोणी मोल देत नाही. मात्र योग्य जोडीदार जनुकाबरोबर असे दुर्लक्षित जनुकही उपयोगी पडू शकते.

आपल्याकडे गव्हावरील तांबेऱ्यात हेच घडते. महाबळेश्वर येथील गहू गेरवा संशोधन केंद्रात तांबेऱ्याला प्रतिकारक वाणांवर काम चालते. तांबेऱ्याची नवी रेस आली, की जुना प्रतिकारक वाण बळी पडतो आणि नवा वाण शोधावा लागतो. गहू उत्पादकाला पुढच्या रब्बीत वाण बदलता येतो. सफरचंद उत्पादकाला मात्र झाडे तोडून नवी लागवड करावी लागते किंवा जुन्या झाडावर नव्या वाणाचे कलम बांधून काही वर्षांचे उत्पन्न सोडावे लागते.

उपाय : एकापेक्षा जास्त जनुके एकत्र आणणे

समजा, बुरशीत एखादी खूण बदलून जाण्याची शक्यता लाखात एक आहे. झाडात दोन वेगळे पहारेकरी असतील, तर दोन्ही खुणा एकाच बुरशीत एकाच वेळी बदलाव्या लागतात. ती शक्यता लाख गुणिले लाखात एक इतकी कमी होते. म्हणून आजच्या पैदास कार्यक्रमांत एका वाणात दोन-तीन प्रतिकार जनुके एकत्र आणण्यावर भर आहे. मात्र ही जनुके आधीच एकेकटी वेगवेगळ्या वाणांतून शेतात गेली असतील, तर बुरशीला एकेका पहारेकऱ्याला चुकवायची संधी मिळते आणि एकत्र आणण्याचा फायदा घटतो.

असा वाण तयार करण्यातील मुख्य अडचण निवडीची आहे. एका पालकात ‘अ’ जनुकाची एक प्रत आणि दुसऱ्यात ‘ब’ जनुकाची एक प्रत असेल, तर १,००० रोपांत साधारण असे प्रमाण मिळते :

- दोन्ही जनुके असलेली : २५०
- फक्त ‘अ’ असलेली : २५०
- फक्त ‘ब’ असलेली : २५०
- एकही जनुक नसलेली : २५०

या रोपांना तीन-चार पाने आल्यावर हरितगृहात बुरशीच्या बीजाणूंची फवारणी करून ओल्या हवेत ठेवतात. दोन-तीन आठवड्यांनी ठिपके पाहतात. या चाचणीत एकही जनुक नसलेली २५० रोपे बाद होतात. उरलेली ७५० रोपे सारखीच निरोगी दिसतात. त्यांतील हवी असलेली २५० कोणती, हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. आरव्हीआय-७ हरवले ते याच पद्धतीने.

येथे डीएनए मार्कर उपयोगी पडतो. प्रतिकार जनुकाच्या अगदी जवळ असलेली डीएनएमधील खूण म्हणजे मार्कर. काही आठवड्यांच्या रोपाच्या पानाचा छोटा तुकडा तपासून कोणते जनुक आहे, कोणते नाही, हे समजते. फळ येईपर्यंत थांबावे लागत नाही. नको असलेली रोपे लावण्याआधीच काढता येतात. २०१० मध्ये गोल्डन डेलिशसचा संपूर्ण जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाल्यानंतर असे मार्कर शोधणे अधिक सोपे झाले.

कोणती जनुके जोडावीत, हे ठरवण्यासाठी बुरशीवर सतत नजर ठेवावी लागते. २००९ पासून ‘व्हिनक्वेस्ट’ या आंतरराष्ट्रीय उपक्रमात अनेक देशांतील बागांत ठरावीक झाडांचा संच लावला आहे. संचातील झाडांत वेगवेगळी प्रतिकार जनुके आहेत. ज्या झाडावर स्कॅब येतो, त्याच्या जनुकावर त्या भागातील बुरशीने मात केली, असे समजते. या निरीक्षणांत आरव्हीआय-१ वर मात करणारी बुरशी सर्रास आढळली. आरव्हीआय-५, ११, १२, १४ आणि १५ या जनुकांवर मात झाल्याची उदाहरणे कमी दिसली.

अनेक लहान जनुकांचा प्रतिकार

काही वाणांत मोठा परिणाम करणारे एक जनुक नसते. त्याऐवजी थोडा-थोडा परिणाम करणारी अनेक जनुके असतात. ‘डिस्कव्हरी’ हे इंग्लंडमधील आणि ‘अंतोनोव्का’ हे रशियातील सफरचंद याची चांगली उदाहरणे आहेत. अशा झाडावर स्कॅब येतो, पण ठिपके कमी असतात, उशिरा येतात आणि त्यांवर बीजाणू कमी तयार होतात. त्यामुळे रोगाचा वेग मंदावतो. एक खूण बदलून बुरशीला हा प्रतिकार पार करता येत नाही, म्हणून तो सहसा जास्त टिकतो.

अडचण अशी, की ही जनुके वेगवेगळ्या गुणसूत्रांवर विखुरलेली असतात. पुढच्या पिढीत सगळी एकत्र येणे कठीण असते. म्हणून अनेक पैदासकार मोठे जनुक आणि लहान जनुकांचा पाया यांची सांगड घालतात. आरव्हीआय-६ असलेल्या सगळ्या वाणांची प्रतिक्रिया सारखी नसते, यामागेही हा पायाच असतो.

एका रोगाला प्रतिकारक म्हणजे सर्व रोगांना नव्हे

आरव्हीआय-६ फक्त स्कॅबची बुरशी ओळखते. भुरी रोगासाठी वेगळी जनुके लागतात. उदाहरणार्थ, ‘पीएल-१’ हे जनुक मॅलस रोबस्टा आणि ‘पीएल-२’ हे मॅलस झुमी या रानटी सफरचंदांतून आले आहे.

आणखी एक धोका मार्सोनिना पानगळीचा आहे. उबदार, पावसाळी हवामानात या बुरशीमुळे पानांवर गडद डाग पडतात, पाने पिवळी होऊन काढणीआधीच गळतात. युरोपात टोपाझसारख्या स्कॅब प्रतिकारक वाणांच्या बागांत बुरशीनाशकांची फवारणी कमी केल्यावर हा रोग ठळकपणे दिसू लागला. आधी स्कॅबसाठी केलेल्या फवारण्यांमुळे तो आपोआप दबून राहत होता. म्हणून प्रतिकारक वाण लावला तरी बागेचे निरीक्षण थांबवता येत नाही.

भारतातील स्थिती

काश्मीरमध्ये १९७३ मध्ये स्कॅबची मोठी साथ आली. हिमाचल प्रदेशात १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात रोग दिसला आणि १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने मोठे नुकसान केले. तेथील बागा प्रामुख्याने डेलिशस गटातील लाल वाणांच्या होत्या आणि हे वाण स्कॅबला बळी पडतात. त्यानंतर प्रायमा, प्रिसिला, लिबर्टी, फ्लोरिना यांसारखे प्रतिकारक वाण आणून तपासले गेले. काश्मीरमध्ये फिरदौस आणि शिरीन हे स्कॅब प्रतिकारक वाणही विकसित झाले.

तरीही बाजारात लाल डेलिशस गटाची पकड कायम आहे. ग्राहक रंग, आकार आणि ओळखीचे नाव पाहतो. प्रतिकारशक्ती असूनही फळाला उठाव नसेल, तर बागायतदार तो वाण लावत नाही. हिमाचलमध्ये १९९०च्या दशकापासून मार्सोनिना पानगळही त्रासदायक ठरली आहे. त्यामुळे तेथे केवळ स्कॅबला प्रतिकारक वाण पुरेसा ठरत नाही.

महाराष्ट्रातील शेतकऱ्यांनी काय लक्षात घ्यावे?

राज्यातील काही शेतकऱ्यांनी एचआरएमएन-९९, अ‍ॅना, डॉर्सेट गोल्डन अशा कमी थंडीत येणाऱ्या वाणांची लागवड केली आहे. कमी थंडीत फुलणे आणि रोगाला प्रतिकारक असणे हे दोन स्वतंत्र गुणधर्म आहेत. एक असला म्हणजे दुसरा असतोच असे नाही. स्कॅबला थंड आणि ओला वसंत लागतो. आपल्या मैदानी भागात कोवळी पाने व फळे वाढताना असे हवामान नसते. त्यामुळे येथे झाडावर स्कॅब दिसला नाही, तर त्याचे श्रेय हवामानाचेही असू शकते. तेवढ्यावरून रोपे ‘प्रतिकारक’ म्हणून जास्त दराने घेऊ नयेत.

द्राक्ष बागायतदारांना हा विषय अधिक जवळचा आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा एआरआय-५१६ हा वाण ‘कॅटॉबा’ या अमेरिकी गटातील द्राक्षाचा ‘ब्यूटी सीडलेस’शी संकर करून तयार झाला आहे. अशा द्राक्षांतून बुरशीजन्य रोगांचा प्रतिकार मिळतो. पण युरोपात केवडा रोगाच्या बुरशीने अमेरिकी द्राक्षांतून आलेल्या ‘आरपीव्ही-३’ या प्रतिकार जनुकावर मात केल्याचे दिसले आहे. सफरचंदातील आरव्हीआय-६ चा अनुभव द्राक्षालाही लागू पडतो.

बागायतदारांसाठी शिफारशी

- रोपे घेताना ‘कोणत्या रोगाला प्रतिकारक?’ आणि ‘प्रतिकार एका जनुकाचा की अनेक जनुकांचा?’ हे दोन प्रश्न विचारावेत. वाणाचे नेमके नाव पावतीवर लिहून घ्यावे.
- प्रतिकारक वाणाच्या फळातील बियांपासून रोपे करू नयेत. त्यांतील अनेक रोपांत प्रतिकार जनुक नसते आणि फळाची प्रतही बदलते. कलमेच वापरावीत.
- खुंटाची प्रतिकारशक्ती वरच्या वाणाला मिळत नाही. पाने आणि फळे ज्या वाणाची, त्याच्याच जनुकांवर स्कॅबचा प्रतिकार अवलंबून असतो.
- संपूर्ण बाग एकाच वाणाची ठेवू नये. सफरचंदाला परागीकरणासाठी दुसरा वाण लागतोच. तो निवडताना वेगळ्या प्रतिकार जनुकाचा वाण मिळत असल्यास त्याला प्राधान्य द्यावे.
- गळलेली पाने गोळा करून नष्ट करावीत. स्कॅबग्रस्त भागात पानगळीच्या सुरुवातीला ५ टक्के युरियाची (२०० लिटर पाण्यात १० किलो) फवारणी करतात. त्यामुळे पाने लवकर कुजतात आणि वसंतात बीजाणू कमी तयार होतात. ज्या पानांत बुरशीच्या जनुकांची सरमिसळ होते, तीच पाने नष्ट झाल्याने नवी रेस तयार होण्याची संधीही घटते.
- प्रतिकारक वाणावरही वसंतातील पहिल्या संसर्गाच्या काळात स्थानिक कृषी विद्यापीठाच्या शिफारशीनुसार मोजक्या संरक्षक फवारण्या कराव्यात. पावसाळी प्रदेशात बळी पडणाऱ्या वाणाला हंगामात १५ किंवा त्याहून अधिक फवारण्या लागू शकतात. प्रतिकारक वाणात त्यांत मोठी बचत होते, पण फवारणी पूर्ण बंद केल्यास एखाद्या नव्या रेसला मोकळे रान मिळते.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

प्रतिकारक वाणावर स्कॅबचा मखमली, बीजाणू असलेला ठिपका दिसला, तर ‘रोप बनावट असेल’ एवढ्यावर विषय सोडू नये. आधी वाणाची खात्री करावी. वाण खरा असेल, तर ती नव्या रेसची पहिली खूण असू शकते. ठिपके असलेली पाने कागदी पिशवीत ठेवावीत. प्लास्टिक पिशवीत ती कुजतात. बागेचे ठिकाण, वाण व तारीख लिहून नमुना कृषी विद्यापीठाच्या वनस्पती रोगशास्त्र विभागाकडे पाठवावा. त्या झाडावरील आणि आजूबाजूची रोगट पाने लगेच काढून नष्ट करावीत. नवी रेस एका-दोन झाडांवर असतानाच लक्षात आली, तर शेजारच्या बागा वाचवण्यासाठी वेळ मिळतो.